कोरडी विहीण

आमच्या युसूफ वडगावात राडा झाला म्हटलं की लोक घाबरत नाहीत, आधी विचारतात, कशाचा? पोरांनी पीठ सांडलं की राडा. बांधावरून दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसले की राडा. आणि हळदीला बायकांनी पाहुण्यांना बादल्यांनी भिजवलं, तर तो सगळ्यात मोठा राडा. वीस वर्षं मी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे. तिन्ही प्रकार निस्तरलेत, तिसऱ्यात तर मी पुढंच असतो.

म्हणून भाची आरोहीच्या लग्नाआधी तिचे होणारे सासरे विजयसिंह यांचा अंबाजोगाईहून फोन आला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "बंकटराव, हळदीत राडा तेवढा नको," म्हणाले. जमलेलं लग्न मोडू नये म्हणून माझ्या बहिणीनं, ताराबाईनं, माझ्यासकट सगळ्या भावकीला शपथ घातली. बादल्या खोलीत कुलपात गेल्या.

सकाळी विहीणबाई विजयमाला नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आल्या, सोबत विजयसिंह. आरोहीला हळद लागली. आमच्या बायका मांडवात गप्प बसून होत्या, दहाव्याला आल्यासारख्या. पाटावर बसलेली आरोही एकेकीच्या तोंडाकडं बघत होती. मला पोरीचं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात विजयमालांनी आपली पिशवी उचलली आणि त्या निघाल्या. ताराबाई लगबगीनं उठली. ती आडवी गेली. "इहीणबाई, आमचं काई चुकलं का?"

"मी कडा गावची लेक हाय," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "आमच्यात इहिणीला कोरडी ठेवली म्हंजी तिला आपली मानली न्हाई. माझ्या लग्नात आईनं माझ्या सासूला हौदात बसवलतं. मी मुद्दाम जुनी साडी नेसून आले. बदलायला दुसरी पिशवीत हाय."

आम्ही सगळे विजयसिंहांकडं बघायला लागलो. ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

"तुमी फोन केलता का?" विहीणबाईंनी विचारलं.

"रोज पेपरात येतं," ते पुटपुटले. "राडा झाला, चार जखमी."

मी ताराबाईकडं पाहिलं. पण शपथ ती शपथ. कुणी जागचं हलेना.

"शपथ तुमाला घातलीय," आरोही पाटावरून उठत म्हणाली. "मला न्हाई."

तिनं आंघोळीसाठी ठेवलेला पाण्याचा हंडा उचलला आणि सासूच्या डोक्यावर पालथा केला. विजयमालांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग हसत हसत त्यांनी सुनेला घट्ट मिठी मारली. ताराबाई रडता रडता हसायला लागली. मी कुलपाच्या किल्लीची वाट बघितली नाही, कडीच उपटली.

पुढं अर्धा तास कोण कुणाच्या अंगावर पाणी टाकतंय ते कळत नव्हतं. चिखलात एक चप्पल हरवून बसलेले विजयसिंह लंगडत माझ्याजवळ आले. "बंकटराव, अजून एक बादली आहे का?" त्यांनी विचारलं. "आमची ही अजून निम्मी कोरडी आहे."