पाताळ्याचा भाग

ती कांद्याच्या वाफ्यात खुरपत होती, तेव्हा बारक्या बांधावर येऊन उभा राहिला. उभा म्हणजे काय, काठीवर टेकला. विहिरीतनं वर काढल्यापासून त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता.

"वहिनी, ते मालिकेवाले आपला भाग रविवारी दाखवणारेत," तो म्हणाला. "दुपारी. शाळेत मोठा टीव्ही लावणारेत."

"लावू देत."

"तुम्ही येणार?"

"मेलेला नवरा एकदा बघितलाय मी. पुन्हा कशाला बघू?"

"नाही आलात तर बरंच," बारक्या पुटपुटला आणि पाय ओढत निघून गेला.

तिला ते खटकलं. दोन वर्षं हा माणूस तिच्या शेतातली कामं न सांगता करत आला होता. असं तुटक कधी बोलला नव्हता.

तिचा नवरा विहिरी खोदायचा. निम्मा जन्म जमिनीच्या पोटात गेला म्हणून गाव त्याला पाताळ्या म्हणायचं. बारक्या त्याचा जोडीदार. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या विहिरीचा गाळ काढताना काठ ढासळला. आदल्या आठवड्यात पाऊस झोडपून गेला होता, वरची माती लोण्यासारखी झाली होती. दोघं साठ फूट खाली. माती-माणसं वर ओढायच्या यारीचे दोर दोन, त्यातला एक तुटला. उरलेल्या दोरानं बारक्या वर आला, मोडका पाय घेऊन. दोर पुन्हा खाली जाईतो दुसरी बाजू बसली. पाताळ्याला काढायला तीन दिवस लागले.

शुद्धीवर आल्यावर बारक्या म्हणाला, "त्यानं मला आधी पाठवलं. म्हणाला, तू जा, मी मागनं येतो."

झालं. गावानं ते बोलणं डोक्यावर घेतलं. मास्तर वर्गात सांगायला लागले. जो तो तिला म्हणायचा, देवमाणूस होता हो तुमचा नवरा. ती मान हलवायची आणि घरी येऊन मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. जगाला वाचवायला निघालात. घरी चार वर्षांची पोर होती, म्हातारी आई होती, मी होते. आमची आठवण कुणी काढायची? रडायला बसली की राग यायचा, आणि राग आला की रडू आटायचं. सांगणार कुणाला? देवमाणसावर रुसलेल्या बाईला कुणी बरं म्हणत नाही.

आणि मग हे मालिकेवाले आले. आगीतनं, पुरातनं, ढिगाऱ्याखालनं माणसं कशी वाचली, ते नट घेऊन पुन्हा करून दाखवायचे. शेवटी वाचलेला खरा माणूस येऊन दोन शब्द बोलायचा. पाताळ्याचं काम करणारा नट उंचापुरा होता, आणि त्याची नखं इतकी स्वच्छ की यारीवाला म्हणाला, "ह्यानं कधी कुंडीतली मातीसुद्धा उकरलेली नाही." वही घेतलेली एक बाई तिच्याजवळ बसली, पाताळ्या कसा बोलायचा, कसा हसायचा विचारत होती. "कमी बोलायचे," एवढंच ती म्हणाली.

रविवारी जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण पोरगी ऐकेना. तिच्या वर्गातले सगळे जाणार होते, आणि बाप तर हिचा. सासूबाई मात्र उंबऱ्यातनं हलल्या नाहीत. "माझं पोर दुसऱ्याच्या तोंडानं बोलणार. मला नको ते," म्हणाल्या.

वर्गात मुंगी शिरायला जागा नव्हती. बारक्या दाराशी भिंतीला टेकून उभा होता. मालिका सुरू झाली. विहीर आली, काठ कोसळला, बायका पदर तोंडाला लावून बसल्या. मग तो उंचापुरा नट कमरेइतक्या चिखलात उभा राहिला. वरनं दोर आला. संगीत वाजायला लागलं. त्यानं दोर हातात घेतला, जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मित्रा, तू आधी जा. तुझं आयुष्य अजून बाकी आहे. माझ्या घरच्यांना सांग, मी हसत गेलो."

मागनं हुंदके आले. सरपंचांनी चष्मा काढून डोळे पुसले. ती दगडासारखी बसली होती. हसत गेलो म्हणे. पोरीचा हात तिनं इतका दाबला की पोर कळवळली.

तेवढ्यात बारक्या भिंतीपासनं सुटला, पाय ओढत टीव्हीपर्यंत गेला आणि त्यानं तो बंद केला.

"अरे, काय करतोस?" सरपंच म्हणाले. "शेवटी तुझंच बोलणं यायचंय."

"ते खोटं आहे," बारक्या म्हणाला. "मी खोटं बोललोय."

तो कुणाकडं बघत नव्हता.

"माझा पाय दगडाखाली होता. तो त्यानं काढला, हे खरं. दोर आला तो त्यानं स्वतःच्या कमरेला बांधायला घेतला. म्हणाला, तुझा पाय असा, नुसत्या दोरानं ओढला तर कडेला आपटून मरशील. मी वर जातो, तुला झोपवून काढायला खाट खाली सोडतो, चार माणसं आणतो. बरोबर होतं त्याचं. पण मी भ्यालो. एकटा राहीन म्हणून भ्यालो. दोर ओढून घेतला त्याच्या हातातनं. गळ्यात पडलो, रडलो. सोडलाच नाही."

"बस रे आता," सरपंच हळू म्हणाले. "बायका, पोरं बसलीत."

"बोलू द्या त्याला," ती म्हणाली. ती उभी राहिली होती, केव्हा ते तिलाही कळलं नाही. "म्हणजे ते वर यायला निघाले होते?"

"हो, वहिनी."

"दोर कमरेला होता?"

"एक वेढा झाला होता."

"मग तू ओढून घेतल्यावर काय म्हणाले?"

"शिवी दिली."

"कुठली?"

"वहिनी, इथं सगळ्यांत…"

"कुठली दिली, सांग."

बारक्यानं मान खाली घातली. "मुतऱ्या रेड्या म्हणाला. आणि शिवी देता देताच माझ्या कमरेला गाठ मारली, कारण मला ती जमेना. म्हणाला, वर गेलास की आधी दोर खाली टाक, मग रडत बस. मला घरी जायचंय."

तिच्या तोंडून एक आवाज निघाला, हसल्यासारखा. मुतऱ्या रेड्या. बंद पडलेल्या पंपाला तो हेच म्हणायचा, दावं तोडून पळालेल्या शेळीला हेच, आणि स्वतःच्या बोटावर हातोडा बसला की स्वतःलाही हेच. दोन वर्षांत त्याच्याबद्दल जे काही कानावर आलं होतं, त्यात एवढं एकच त्याचं स्वतःचं वाटत होतं.

"वहिनी, मला काय म्हणायचं ते म्हणा," बारक्या म्हणाला.

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला होता.

"आज काही म्हणवत नाही," ती म्हणाली. "चांगलं नाही, वाईटही नाही. पुढं बघू."

पोरीला घेऊन ती बाहेर पडली. कुणी आडवं आलं नाही. ऊन तिरकं झालं होतं, वाटेवरची धूळ पायाला भाजत होती. पोरगी विचारत होती, बाबा घरी यायला निघाले होते का गं? ती म्हणाली, हो. पोरीनं दहा पावलांवर पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, हो.

सासूबाई उंबऱ्यातच होत्या. "कसं दाखवलं?"

"खोटं दाखवलं, आत्या." तिनं सगळं सांगितलं, शिवीसकट.

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग? लहानपणी मामाकडं ठेवला तरी तिसऱ्या दिवशी चालत घरी यायचा. देवमाणूस, देवमाणूस… माझं पोर काय देव होतं? त्याला घरी यायचं होतं."

तेव्हा ती सासूबाईंच्या शेजारी उंबऱ्याला धरून खाली बसली आणि रडली. नेहमीसारखा राग येईल म्हणून मध्ये एकदा थांबली. तो आला नाही. मग पोटभर रडली.