ना दुधाचा, ना मांसाचा

नळदुरुस्ती करणाऱ्या त्या माणसाला सगळा भाग ‘वॉशरभाऊ’ म्हणून ओळखायचा. तक्रार काहीही असो, नळाखाली डोकं घातलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, “वॉशर गेलाय.” दहातल्या आठ वेळा तो खराच गेलेला असे. उरलेल्या दोन वेळा हा गृहस्थ खुलायचा. पाणी कुठे अडलं, सरळ जायचं सोडून असं का वळलं, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मग अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागायचा आणि घरी बायको ताटावर ताट झाकून बसायची.

त्या ताटात अलीकडे बघण्यासारखं काही नसे. बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या रक्तात नको तितकी चरबी शोधून काढली होती. तळलेलं बंद, लोणी बंद, केक-बिस्किटं बंद. बायको शाळेत गणित शिकवायची. तिने ती यादी एखाद्या सूत्रासारखी पाळली. उकडलेला कोबी, उकडलेली फरसबी आणि बदल म्हणून कधी कधी कोबी आणि फरसबी एकत्र.

अशात एका गुरुवारी सकाळी त्याला तुंबलेल्या सिंकसाठी एका घरून बोलावणं आलं. दुसऱ्या मजल्यावरचं छोटं घर, वयस्कर जोडपं. दार उघडलं ते काकूंनी. पडदे शिवून देण्याचा व्यवसाय त्यांनी नुकताच बंद केला होता, तरी गळ्यात टेप लटकलेलीच होती. आत टेबलाशी काका बसले होते, निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. आत्ता ते स्टीलची पट्टी घेऊन एक केक मोजत होते.

“कडेला साडेसहा सेंटीमीटर,” काका म्हणाले. “मध्ये पावणेचार. मागच्या खेपेपेक्षा दोन मिलीमीटर जास्त खचलाय.”

“मोजून वर येणार आहे का तो?” काकू म्हणाल्या आणि वॉशरभाऊला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

तिथे तो थबकलाच. दोन माणसांचं घर, हातभर स्वयंपाकघर, आणि सिंक मात्र दोन. एक खिडकीखाली, एक समोरच्या भिंतीला. दोन्हींच्या वर वेगवेगळी फळी. एका फळीवरच्या भांड्यांच्या दांड्यांना लाल चिकटपट्टी, दुसरीवरच्यांना निळी.

“काकू, एक विचारू? दोन सिंक कशाला?”

“विचारा की. येणारा प्रत्येक जण बघतो आणि गप्प बसतो,” काकू म्हणाल्या. “आम्ही यहुदी. आमच्याकडे दूध आणि मांस एकत्र चालत नाही. एका ताटात नाही, एका भांड्यात नाही, एका धुण्यातही नाही. कोशर म्हणतात त्याला. लाल मांसाचं, निळं दुधाचं.”

“आणि अंडी? मासे?”

“ती ना इकडची, ना तिकडची. फळं, भाज्या, तेल, पीठ, सगळं तसंच. ते दोन्हींबरोबर चालतं.” काकूंनी खालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. तिथली भांडी बिनपट्टीची होती. “तिसरं घर.”

वॉशरभाऊने निळ्या सिंकखालचा पाइप सोडवला, गाळ काढला. पण डोकं पाइपात नव्हतं. मांसाचं जेवण झाल्यावर दुधाचा चहा चालतो का? नाही, काही तास थांबावं लागतं. किती? घराण्याघराण्यात वेगळं, आमच्याकडे सहा. मग जेवणानंतर गोड काय खाता? इथे काकूंनी बाहेरच्या केककडे हात केला.

“म्हणजे त्यात लोणी नाही?” वॉशरभाऊने कान टवकारले.

“थेंब नाही. दूधही नाही. पूर्वी डब्यातलं वनस्पती तूप घालायचे, चांगला कपभर. मग दोन वर्षांपूर्वी यांच्या हृदयाची नळी बंद पडली.”

“ब्लॉकेज निघालं,” काका टेबलावरून म्हणाले. तेवढ्यापुरता तो धंदा आपला वाटून वॉशरभाऊ सहानुभूतीने मान हलवू लागला.

तेव्हापासून काकूंनी सगळा स्वयंपाक हलका करायला घेतला होता. कोंबडीचं कातडं गेलं, तळण गेलं. बाकी सगळं जमलं, केकने मात्र दाद दिली नाही. कपभर तुपाच्या जागी पाव कप तेल आणि वाटीभर शिजवलेल्या सफरचंदाचा गर. चव छान यायची, फुगायचाही छान. आणि बाहेर काढला की चार मिनिटांत मधोमध खड्डा. अकरा वेळा केला, अकराही वेळा खड्डा. काकांकडे तारखेवार नोंद होती.

“हलकं खायचं तर असंच खायचं, अशी समजूत घातलीय मी मनाची,” काकू म्हणाल्या. “घ्या, कडेचा तुकडा घ्या.”

वॉशरभाऊने तुकडा तोंडात टाकला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडात उकडलेलं नसलेलं काही गेलं होतं. मग त्याने केकची मधली बाजू बोटाने दाबली. ओली, चिकट. त्याने ओव्हनकडे पाहिलं. गॅसवर चालणारा, जुना, दाराचा कोपरा जरासा काळवंडलेला.

“काकू, हा ओव्हन किती वर्षांचा?”

“आमच्या मुलीएवढा. तिला चाळिसावं लागलंय.”

घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी एकच गोष्ट ऐकली.

“लोकांच्या घरी जाऊन केक खाल्लात?”

“लोणी नव्हतं गं त्यात. तूपही नाही. सफरचंद होतं.”

“केकला सफरचंद चिकटवलं म्हणून त्याचं फळ होत नाही,” बायको म्हणाली आणि फरसबी वाढली. पण ताट उचलताना तिने हळूच विचारलं, “तेल किती म्हणालात? पाव कप? किती जणांत?”

रविवारी वॉशरभाऊ न बोलावता काकूंकडे गेला. खिशात ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक होता, एका बेकरीवाल्या गिऱ्हाइकाकडून मागून आणलेला.

“पाण्याचं काही नाही आज,” दारातच तो म्हणाला. “मला तो खड्डा बघायचाय.”

काकांनी पट्टी शोधायला घेतली. इतका आनंद त्यांना निवृत्तीनंतर झाला नसावा.

काकूंनी ओव्हन पेटवला, बटण एकशे ऐंशीवर ठेवलं. तिघेही काचेसमोर बसले. काटा चढत चढत एकशे साठला पोचला, तिथे रेंगाळला, मग मागे फिरला. एकशे चाळीस. पुन्हा जरा वर, पुन्हा खाली. वॉशरभाऊने दाराच्या कडेने ओलं बोट फिरवलं. खालच्या कोपऱ्यात गरम हवेचा झोत लागला. दाराचं रबर लाकडासारखं कडक झालं होतं आणि दोन बोटांएवढ्या जागेत गळूनच गेलं होतं.

“वॉशर गेलाय,” तो सवयीने म्हणाला. मग स्वतःच हसला. “म्हणजे, वॉशरचा मोठा भाऊ. काकू, तुमच्या केकचा काही दोष नाही. तुपाचा केक जड असतो, कमी आचेवरही सावरून उभा राहतो. हा सफरचंदाचा ओला. याला शेवटपर्यंत एकसारखी आच पाहिजे. वरून भाजतो, आतून कच्चा राहतो, मग बसतो.”

“दोन वर्षं मी साखर कमी-जास्त करतेय,” काकू म्हणाल्या. “अंडी बदलली. पीठ बदललं. यांच्याशी भांडले.”

“ते नोंदलेलं नाही,” काका म्हणाले.

त्याच मापाचं रबर मिळायला चार दिवस लागले. गुरुवारी वॉशरभाऊ ते घेऊन आला. त्या दिवशी काकूंच्या घरी पाहुणे यायचे होते. शेगडीवर कोंबडीच्या सूपचं मोठं पातेलं रटरटत होतं. ओव्हन पुढे ओढायला जागा हवी म्हणून वॉशरभाऊने भिंतीवरचे डाव-पळ्या उतरवून ठेवल्या आणि रबर बसवून झाल्यावर पुन्हा खुंटीला लावल्या. काकू दोन्ही हातांनी केकचं मिश्रण कालवत होत्या. सूप उतू जायला लागलं.

“वॉशरभाऊ, जरा ते हलवता का?”

त्याने हात धुतले, शेगडीजवळच्या खुंटीवरची पळी घेतली आणि पातेल्यात घातली. चांगले चार वळसे दिले. पळी वर काढली तेव्हा दांडीवरची निळी पट्टी दिसली.

पळी त्याने पुन्हा आत घालावी की बाहेर ठेवावी, हेही त्याला कळेना. ती हातात धरून तो तसाच उभा राहिला; सूपचे थेंब फरशीवर पडत होते.

“काकू,” तो म्हणाला, “मी दुधाची पळी घातली. खुंटी पण मीच चुकवली.”

काकूंचा चेहरा पडला. संध्याकाळी सहा माणसं जेवायची होती. काका उठले. कोणी आवाज चढवला नाही, त्याचं वॉशरभाऊला जास्तच लागलं.

“मी फेकून येतो सगळं,” तो म्हणाला. “नवी कोंबडी आणतो. पातेलंही आणतो.”

“थांबा हो. आधी विचारू तर,” काकू म्हणाल्या. त्यांनी हात पुसले आणि त्यांच्या धर्मगुरूंना फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला.

धर्मगुरूंनी ना उपदेश केला, ना हळहळ. त्यांनी प्रश्न विचारले. पळी कशाची, लाकडाची की स्टीलची? स्टीलची. शेवटची गरम दुधात कधी गेली होती? काकूंनी आठवून सांगितलं, परवा सकाळी, खिरीत. त्यानंतर नाही? नाही. नक्की? काका म्हणाले, “नक्की. काल दूध गार प्यालो.” पळी वरून स्वच्छ होती? घासून ठेवलेली.

वॉशरभाऊ कान देऊन ऐकत होता. हा माणूस तर माझ्यासारखाच विचारतोय, त्याच्या मनात आलं. काय कुठून गेलं, कधी गेलं, आत काय उरलं.

“मग चोवीस तास उलटून गेले आहेत,” फोनवरचा आवाज म्हणाला. “सूप खा. पातेलंही चालेल. पळी मात्र बाजूला ठेवा. उद्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढा, मग पुन्हा वापरा. आणि ज्याच्या हातून झालं त्याला सांगा, लगेच बोलला हे बरं केलं.”

वॉशरभाऊचा जीव भांड्यात पडला. त्याने डोळे पुसले. काकूंनी चिरून ठेवलेल्या कांद्याकडे बोट दाखवून त्याची सोय केली. पण दोन मिनिटांनी त्याला राहवेना.

“काकू, चोवीस तासच का? तेवीस असते तर?”

“तर मग पातेलं केवढं, सूप किती, असं आणखी विचारलं असतं त्यांनी. तुम्ही एकदा त्यांच्याकडेच जा,” काकू हसून म्हणाल्या. “त्यांनाही असेच लोक आवडतात.”

तोवर केक ओव्हनमध्ये गेला होता. काटा एकशे ऐंशीला पोचला आणि तिथेच थांबला. पन्नास मिनिटांनी काकूंनी काडी घालून पाहिली, कोरडी निघाली. केक बाहेर आला. चार मिनिटं तिघांपैकी कोणीही त्याच्यावरून नजर काढली नाही. पाचव्या मिनिटाला काकांनी पट्टी उभी धरली.

“कडेला साडेसहा,” ते म्हणाले. मग पट्टी मध्ये रोवली, चष्मा सारखा केला. “मध्ये सात.”

काकूंनी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि स्वतः वाकून पाहिलं.

त्यातला पाव केक वॉशरभाऊबरोबर घरी आला. बायकोने तो आधी हुंगला, मग उजेडात धरून पाहिला, मग कागदावर बोट दाबून तेलाचा डाग पडतो का ते तपासलं. पडला, पण पुसट. एक घास खाल्ला. त्याने सूपची हकिगत सांगितली तेव्हा ती मध्येच म्हणाली, “सूपही हलकं करतात? कसं?”

“रात्रभर गार ठेवतात. वर चरबीचा थर येतो, तो उचलून टाकतात.”

“आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? चार महिने मी कोबी उकडतेय!”

शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी काकू चूल पेटवत नसत, म्हणून बायको रविवारची वाट पाहून गेली. जाताना वही घेतली. वॉशरभाऊ ओळख करून द्यायला बरोबर होता, पण ओळखीला एक मिनिटही लागलं नाही. काकू बदामाची बिस्किटं करत होत्या, नुसत्या अंड्याच्या पांढऱ्यावर. प्रत्येक अंडं आधी काचेच्या पेल्यात फोडत, पेला उजेडात फिरवत आणि मगच मोठ्या भांड्यात ओतत.

“असं एकेक का?” बायकोने विचारलं. “वेळ जातो ना.”

“रक्ताचा ठिपका असला तर ते अंडं चालत नाही. सगळी एकत्र फोडली आणि एकात निघाला, तर सगळी गेली.”

बायकोने पेन उचललं, थांबली. “किती अंड्यांत एक निघतं?”

“ते कधी मोजलं नाही बाई.”

टेबलावरून काकांनी मान वर केली. बायकोने वहीचं नवं पान उघडून त्यावर दोन रकाने आखले, बाह्या सरसावल्या आणि पेला काकूंच्या हातातून आपल्या हातात घेतला.

“द्या पुढचं,” ती म्हणाली, “मी बघते.”