अर्ध्या पुस्तकाची गोष्ट

थोरलीला फोनवर लांबलचक मजकूर वाचायचा कंटाळा, आणि धाकटीला तो पाठवल्याशिवाय करमत नसे. त्यामुळे दुपारी जेवून जरा आडवं व्हावं म्हणताना फोन वाजला आणि त्यावर धाकटी दिसली, तेव्हाच थोरलीच्या कपाळाला पहिली आठी पडली. मजकूर संपेपर्यंत कपाळावर आणखी आठ्यांना जागा उरली नव्हती.

शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, स्मरणिका निघणार होती, आणि तिच्यासाठी धाकटीने एक आठवण लिहिली होती. खाली पुरवणी होती : ‘ताई, वाचून बघ. काही चुकलं असेल तर संध्याकाळपर्यंत सांग. उद्या छापायला जातंय.’

“काही चुकलं असेल तर म्हणे!” थोरली ताडकन उठून बसली. “अहो, ऐकलंत का? माझी आठवण चोरली हिने. दिवसाढवळ्या!”

नवरा खुर्चीत तोंडावर पेपर घेऊन पडला होता. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावण्यात गेल्यामुळे तो कशावरच घाईने मत देत नसे. “कुठली आठवण?” त्याने पेपराखालूनच विचारलं.

“कुठली म्हणजे? अर्ध्या पुस्तकाची!”

ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस त्यांच्या नात्यात औषधालाही सापडला नसता. लहानपणी थोरलीचं एक वर्ष आजारपणात गेलं, म्हणून दोघी बहिणी एकाच वर्गात, एकाच बाकावर आल्या. वाचनाचं पुस्तक दोघींत एक. रोज त्याची ओढाताण. एके दिवशी एकीच्या हातात पुढचा पुठ्ठा आणि दुसरीच्या हातात मागचा, अशा दोघी रडत घरी आल्या. बाबा कचेऱ्यांची रजिस्टरं बांधायचे, त्यामुळे सुरी हाताशीच होती. त्यांनी पुस्तक मधोमध कापलं. चौदा धडे इकडे, चौदा तिकडे. दोन्ही अर्ध्यांना रजिस्टराच्या उरलेल्या कापडाची झकास बांधणी केली, वर एकेकीच्या नावाची चिठ्ठी डकवली आणि सांगितलं, सहामाही झाली की अदलाबदल करा, आता कटकट बंद.

सगळा वर्ग पहिला धडा शिकत असताना एकीच्या हातात पंधरावा धडा असणार, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. आईच्या लगेच आलं. पण तोवर खळ वाळली होती, आणि बाबांनी एकदा बांधलेलं पुस्तक प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी उसवलं नसतं.

“मोठी म्हणून मीच सोसलं,” असं थोरली दरवेळी सांगायची. दुसरा अर्धा तिच्या वाट्याला आला. धाकटी संध्याकाळी पहिल्या अर्ध्यातले धडे मोठमोठ्याने वाचायची, ते ऐकून ऐकून थोरलीला पाठ झाले. एक दिवस बाई म्हणाल्या, ऊठ, तिसरा धडा वाच. ‘दीपगृहाचा राखणदार.’ थोरली उभी राहिली, भलताच धडा उघडला आणि अख्खा तिसरा धडा घडाघडा म्हणून दाखवला. जिथे पान उलटायचं, तिथे पानही उलटलं. बाई बाकांमधून फिरत मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पुस्तकात पाहिलं, हातातली पट्टी खाली ठेवली आणि तिला नेऊन स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. तास संपेपर्यंत. पाय जमिनीला टेकत नव्हते, लोंबत होते.

इथे थोरलीचा आवाज दरवेळी जड व्हायचा. टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देताना कोणी तिला शाबास म्हटलं नव्हतं. मिरवावं असं काय ते त्या खुर्चीतच मिळालं होतं.

आणि आता धाकटीने तेच सगळं लिहिलं होतं. बाई, पट्टी, खुर्ची, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. फक्त ‘ताई’च्या जागी ‘मी’! वर धड्याचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला होता.

“तुलाही येतो ना तो?” नवऱ्याने विचारलं.

“न यायला काय झालं? ‘समुद्रात एक खडक होता आणि खडकावर एक दीपगृह होते.’”

“पुढे?”

“पुढे काय, पुढे दीपगृहच. तुमचं आपलं भलतंच! आणि हे ऐका. ‘ताई त्या दिवशी तापाने घरी होती, नाहीतर तिने तिचा अर्धा मला दिलाच असता.’ मी घरी? त्या वर्षी मी एक दिवस शाळा बुडवली नाही! चोर तो चोर आणि वर शिरजोर.”

पुरावा पाहिजे होता, आणि तो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होता. थोरली स्टुलावर चढली. “पडशील,” नवरा म्हणाला, आणि स्टूल धरून उभा राहिला. खाली उतरवलेल्या पेटीतून जुने दाखले निघाले, कुणाचा तरी लोकरी टोपा निघाला आणि तळाशी तांबड्या कापडाच्या बांधणीचं ते पुस्तक निघालं. धडा पंधरा ते अठ्ठावीस. वर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बाबांच्या ठसठशीत अक्षरात ‘थोरली’.

“बघा! दुसरा अर्धा. कोणाचा?”

“थोरलीचा,” नवऱ्याने कबूल केलं.

“आता याचा फोटो पाठवते. बसू दे तिला आठवणी लिहीत.”

पण चिठ्ठीचा एक कोपरा उचकटला होता आणि फोटोत तो वेडावाकडा दिसत होता. थोरलीला अर्धवट काम खपत नसे. तिने ओलं बोट लावून कोपरा दाबला. तर जुनी खळ सुटली आणि चिठ्ठीच अलगद हातात आली. चिठ्ठीखाली आणखी एक चिठ्ठी होती. त्याच अक्षरात. ‘धाकटी’.

अदलाबदल झाल्यावर बाबांनी जुनं नाव न काढता वरून नवं डकवलं होतं. म्हणजे सहामाहीपर्यंत दुसरा अर्धा धाकटीकडे होता.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं. थोरली पेटीवरच बसली.

तिला खुर्ची आठवत होती. लोंबणारे पायही स्पष्ट आठवत होते, एका मोज्याचं इलॅस्टिक सैल झालेलं. पण ते पाय तिला समोरून दिसत होते, बाकावरून. स्वतःचे पाय कोणाला समोरून दिसतात?

मग बाकीचंही आलं, न बोलावता. सकाळी रिबिनीवरून भांडण झालं होतं. बाईंनी धाकटीला उठवलं तेव्हा तिसरा धडा थोरलीच्या समोर उघडाच होता. नुसता इकडून तिकडे सरकवायचा. धाकटीने एकदा खाली बघितलं. थोरलीने पुस्तकावर कोपर ठेवलं. संध्याकाळी मोठमोठ्याने वाचायची तीही थोरलीच, धाकटीला खिजवायला.

तिला स्वतःची इतकी चीड आली की हातातली चिठ्ठी चुरगळली गेली, आणि बाबांचं अक्षर म्हणून ती पुन्हा गुडघ्यावर सरळ करावी लागली. मग तिने फोन लावला.

“ती तापाची ओळ काढ,” ती एकदम म्हणाली.

“राहू दे ना ताई. कोणाला काय कळतंय?”

“मला ताप नव्हता. मी शेजारीच बसले होते. पुस्तकावर कोपर ठेवून.”

“माहीत आहे. दिसत होतं मला.”

“मग इतकी वर्षं मी सगळ्यांसमोर भलतंच सांगत होते, तेव्हा तू काय मिठाची गुळणी धरून बसली होतीस?” थोरली कडाडली. राग स्वतःचाच होता, पण निघाला धाकटीवर.

“पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा रागच आला होता,” धाकटी म्हणाली. “मग वाटलं, तुझ्या गोष्टीत ते कोपर नसतं. मलाही तीच गोष्ट बरी वाटायला लागली.”

थोरलीने पदराने नाक पुसलं. नवरा उगाचच स्टुलाचा पाय हलतो का ते बघत राहिला.

“कोपर लिही,” ती म्हणाली. “रिबिनीसकट लिही. आणि आता ते पुढचं म्हण.”

“काय पुढचं?”

“दीपगृहाचं. मला पहिल्या ओळीपुढे येत नाही.”

पलीकडे धाकटीने घसा साफ केला आणि शाळेत म्हणायची तशी, उभी राहून, सुरुवात केली. उभी राहिली हे थोरलीला खुर्ची सरकल्याच्या आवाजावरून कळलं.