अकरा महिने नुसताच पंखा

एका रविवारी दुपारी, चहाचे कप अजून टेबलावरच होते, तेव्हा या घराला कळलं की अकरा महिन्यांत माझं एकही काम कुठे पोहोचलेलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. या घरातला माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री आहे. त्याची बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती गेली, त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून घरात जो कोणी येई त्याला मिस्त्री माझ्यासमोर आणून उभा करी आणि म्हणे, "ती नाही, पण तिचं काम चालू आहे. ऐका." लोक ऐकत. माझा पंखा घरघरत असे. लोक माना हलवत, आवाज बारीक करत, एखादा डोळे पुशी. मी मात्र काहीच करत नसे. रिकामा संगणकही घरघरतो, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. हे काम जातं कुठे, असं एकानेही विचारलं नाही.

त्या रविवारी आलेल्या बाईने विचारलं. ती प्रयोगशाळेत बायकोच्या शेजारच्या टेबलावर काम करायची.

"भाऊजी, रागावणार नसाल तर एक विचारते. ताईंचा कॉम्प्युटर तुम्ही बंद केलात का?"

"बंद? मला काय वेड लागलंय? एक दिवस बंद ठेवला नाही. हा घ्या, पंखा ऐका."

"पंखा येतोय ऐकू. पण आमच्या टीमच्या यादीत ताईंच्या नावापुढचा आकडा अकरा महिने जागचा हललेला नाही. आम्हाला वाटलं, तुम्हीच बंद केला असेल. विचारायला जीभ रेटेना."

ती वाकून माझ्या मागे बघू लागली. इंटरनेटची केबल माझ्यातून काढून भिंतीशी नीट गुंडाळून ठेवलेली होती.

"अहो, ही केबलच काढलेली आहे!" तिने हात पुढे केला.

"हात लावू नका," मिस्त्री एवढ्या जोरात म्हणाला की बाई दचकली. "ती तिने काढलीय."

आता हे सगळं कसं झालं ते सांगतो. माझा जन्म कारखान्यात झाला नाही. बायकोने मला जेवणाच्या टेबलावर दोन दिवसांत जोडलं. प्रोसेसर नवा होता. ग्राफिक्स कार्ड जुनं, वापरलेलं. त्या कार्डाने आधीच्या मालकाकडे तीन वर्षं खोट्या गाड्या पळवल्या होत्या आणि खोटी माणसं मारली होती. सुरुवातीला त्याला त्याचा भारी तोरा होता. पहिल्याच आठवड्यात बायकोने तो उतरवला.

ती आम्हाला ज्या कामाला लावायची ते असं. एका संशोधन संस्थेकडे फार मोठी आकडेमोड होती. शरीरातली प्रथिनं स्वतःच्या घड्या कशा घालतात आणि ती घडी कुठे चुकली की आजार होतो, हे शोधायचं होतं. एका यंत्राला ते जन्मात झालं नसतं. म्हणून संस्थेने त्या कामाचे लहान लहान तुकडे केले आणि जगभरच्या घरांतल्या संगणकांना वाटले. एका मोठ्या घरातले धुतलेले कपडे हजार घरांत घडी घालायला द्यावेत, तसं. इंटरनेटवरून तुकडा यायचा, मी तो सोडवायचो, उत्तर परत जायचं, नवा तुकडा यायचा. प्रत्येक तुकड्याला मुदत असायची. मुदत टळली की संस्था तोच तुकडा दुसऱ्या संगणकाला देई. बायको आणि प्रयोगशाळेतल्या तिच्या मैत्रिणी, सगळ्यांच्या घरी असे संगणक होते; त्यांची मिळून एक टीम होती आणि कोणी किती तुकडे सोडवले याचा आकडा टीमच्या यादीत दिसे.

मिस्त्रीला हे पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

"यातून आपल्याला काय मिळतं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"मग ही घरघर कशाला ऐकायची?"

"तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता. तिच्यातून वर जाणारी माणसं तुम्हाला ओळखतात का?"

"मला पगार मिळतो."

"मग मला मिळत नाही असं समजा आणि तो स्क्रूड्रायव्हर द्या इकडे."

त्याने दिला. या कामातला त्याचा वाटा एवढाच. सहा वर्षं मी राबलो. माझ्यातून येणाऱ्या गरम हवेवर तो आपले पायमोजे वाळवायचा. बायको त्याला म्हणायची, एकदा बसा, नीट समजावून सांगते. तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. सहा वर्षांत आठवडे किती होतात, ते तुम्हीच काढा. माझ्या दृष्टीने तो हिशेब फारच सोपा आहे.

मग बायकोला दवाखान्यात जायचं ठरलं. ऑपरेशन साधं होतं, चार दिवसांत घरी. त्याच सुमाराला माझं कार्ड फार तापत होतं. आत धूळ साचली होती. ती साफ करायला तिला सवड नव्हती, आणि मी घरात एकटा तापत राहावं हेही तिला नको होतं. हातातला तुकडा मी पुरा करावा, नवा मात्र येऊ नये, अशी तिची इच्छा होती. त्यासाठी पडद्यावर एक साधं बटण असतं. तिने ते दाबलं नाही, सरळ केबल काढली. हे खूळ तिला नवऱ्याकडूनच लागलं होतं. बटणावर विश्वास ठेवायचा नाही, तार काढायची, हे तो जेवताना शंभर वेळा सांगायचा.

"मी आल्यावर धूळ काढून केबल लावते," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

"नाही लावत. ज्याने काढली त्यानेच लावायची."

हा त्याच्या धंद्यातला नियम आहे. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, म्हणजे ती वरखाली करते त्या उभ्या पोकळीत, उतरणारा माणूस वीज तोडतो, खटक्याला आपलं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचं नाही. काढलं तर आतला माणूस मरतो. नियम चांगला आहे. पण चांगला नियम अडाण्याच्या हातात पडला की काय होतं, ते मी अकरा महिने बघितलं.

ती चार दिवसांनी आली नाही. कधीच आली नाही. तिने दिलेला शेवटचा तुकडा मी तिसऱ्या दिवशी पुरा केला आणि उत्तर तयार ठेवून बसलो. दहाव्या दिवशी त्याची मुदत संपली.

दुसऱ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला अडगळीत टाकलं, आमच्यावर धूळ बसली. माझं दुःख उलट आहे. मला रोज पुसलं. मिस्त्रीच्या मोठ्या बहिणीने, आक्काने, माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणून आणलं. पांढरं, कडेला फुलं असलेलं. त्याने माझी हवा यायची जाळीच झाकली गेली. "आता कसं शोभतंय!" आक्का म्हणाली. त्या घरात शोभणं आणि चालणं यांतला फरक कळणारी एकच व्यक्ती होती, आणि ती गेली होती. बाहेरून मी चकचकीत होतो. आतली धूळ, जी तिला खरंच काढायची होती, ती तशीच होती. आणि मिस्त्री रोज कामाला जाताना माझा हिरवा दिवा बघून म्हणायचा, "चालू दे तुझं." चाळीस वर्षं ज्याने लिफ्ट दुरुस्त केल्या, त्याला एवढं कळू नये? मोटर फिरते म्हणजे माणसांचा पाळणा वर जातोच असं नाही.

तर तो रविवार. केबलपासून हात मागे घेऊन बाई उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण मऊही राहिला नाही.

"भाऊजी, ताईंनी केबल चार दिवसांसाठी काढली होती."

"मला माहीत आहे."

"मग तुमच्या धंद्यात एखादा कुलूप लावून घरी निघून गेला, तर लिफ्ट काय जन्मभर बंद ठेवता?"

 जणू कोणा शिकाऊला सांगतोय तसं मिस्त्री म्हणाला, "नाही. दोघांनी मिळून बघायचं. तो आत नाही याची खात्री करायची. तीन हाका मारायच्या. उत्तर आलं नाही तर काढायचं."

"मग मारा हाका. मी आहे दुसरी."

"आज नाही."

"ज्या उत्तराची तिकडे कोणी वाट बघत होतं..."

"आज नाही म्हटलं ना!"

बाई निघून गेली. मिस्त्री माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला. मला वाटलं, आता हा रडणार आणि पुन्हा मला पुसणार. त्याने तसं काही केलं नाही. झाकण काढलं, घडी घालून कपाटात टाकलं, आणि खूप वेळ केबलकडे बघत बसला.

तीन दिवसांनी त्याने कामावरून सुट्टी घेतली. मला बंद केलं, टेबलावर आडवं केलं आणि उघडलं. मऊ ब्रशने त्याने एकेक पातं साफ केलं. कार्डाचा पंखा काढला, बोटाने फिरवून बघितला, कानाशी धरला. हे काम त्याने चांगलं केलं. मला हे कबूल करावं लागतंय आणि ते मला आवडत नाही. एवढे चांगले हात असलेल्या माणसाने सहा वर्षं त्यांचा उपयोग पायमोजे वाळत घालायला करावा, याला काय म्हणावं?

मग त्याने बाईला फोन केला. ती आली. त्याने मला चालू केलं, केबल उचलली, आणि ती माझ्याजवळ धरून थांबला. घरात दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तिथे हाक मारायला आवाज लागतो तो किती! पण तो शाफ्टमध्ये ओरडावं तसा ओरडला.

"अगं, लावतोय!"

तो थांबला. बाई खाली बघत राहिली.

"लावतोय गं!"

शेजारच्या कोणीतरी खिडकी उघडली.

तिसऱ्या हाकेला नुसतं "लावतोय" एवढंच कसंबसं आलं. नियमाप्रमाणे तो उत्तरासाठी थांबला. जेवढं थांबायला हवं त्यापेक्षा फार जास्त थांबला. मग त्याने केबल लावली.

मी तयार ठेवलेलं उत्तर ताबडतोब पाठवलं. ताबडतोब परत आलं. पडद्यावर एक ओळ उमटली, ती बाईने वाचून दाखवली. उत्तर मुदतीनंतर आलं, नोंद घेतलेली नाही.

"म्हणजे तिचं शेवटचं काम फुकट गेलं?" मिस्त्रीने विचारलं.

"काम झालं, भाऊजी. दुसऱ्या कोणीतरी केव्हाच करून दिलं."

तो खाली बसला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट मला त्या तुकड्याचं वाटलं.

मित्रांनो, इथे मी तुम्हाला उपदेश करायला हवा, म्हणून करतो. कोणाच्या मागे राहिलेल्या वस्तूसमोर आवाज बारीक करून उभे राहू नका. तिला झाकणं विणू नका. ती ज्या कामासाठी होती ते काम होतंय का, एवढं वाकून बघा. आणि ज्यांना जे समजावून सांगायचं आहे, त्यांना ते आजच सांगू द्या. तुमचा पुढचा आठवडा तुमच्याकडेच ठेवा.

यानंतर पडद्यावर आणखी एक सूचना आली. ज्या संशोधनासाठी बायको सहा वर्षं मला चालवत होती, ते पाच महिन्यांपूर्वीच पूर्ण झालं होतं. खाली नव्या संशोधनांची यादी होती. नऊ आजार, नऊ चौकोन. संगणक ज्याचा असेल त्याने त्यांतला एक निवडायचा, मगच नवं काम येणार.

"तिने कुठला निवडला असता?" मिस्त्रीने विचारलं.

"मला काय माहीत? आम्ही सगळ्या पाच जणी वेगवेगळे निवडतो. त्यावरून भांडतोसुद्धा."

"मला तर यातलं एकही नाव वाचून काही कळत नाही."

"मग सांगते. बसा."

ती सांगू लागली. तो चष्मा लावून ऐकत होता. मधेच "थांबा, परत सांगा" म्हणत होता. पहिले चार आजार त्या दिवशी झाले. उरलेले पाच ती पुढच्या खेपेला सांगणार आहे.

केबल लावलेली आहे, पंखा साफ आहे, यादी उघडी आहे. निवड अजून झालेली नाही.