नमुन्याची सही

आमच्या खात्यात मला सगळे 'सहीवाले' म्हणतात. परदेशी कर्जाचा पैसा उचलायचा तर अर्जावर दोन सह्या लागतात, एक सचिवांची आणि एक माझी. दोन्हींचे नमुने कर्ज देणाऱ्या बँकेकडे असतात. तिकडचा माणूस सह्या ताडून बघतो आणि मगच पैसे सोडतो. एकोणीस वर्षं मी हे काम केलं. खोटं कशाला बोलू, मिरवलंसुद्धा. ताई तर वस्तीभर सांगत सुटायची, "माझा भाऊ सही करतो तेव्हा देशात पैसा येतो." मी आपला "नको गं, नको गं" म्हणायचो आणि आतून फुगायचो.

गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीत कप वाजायचा, मग अक्षर नाचायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "हे वाढत जाणार, ऑफिसात सांगून ठेवा." सांगतोय कशाला! निवृत्तीला आठ महिने राहिले होते. सांगितलं असतं तर सही सहायक बाईंकडे गेली असती आणि मी टपाल मोजत बसलो असतो. म्हणून मूग गिळून गप्प बसलो. कोणी समोर असलं की खिडकीकडे वळून सही करायची, असली सोंगं सुरू केली.

नेमकं तेव्हाच पाण्याच्या योजनेचं शेवटचं काम आलं. टेकडीवरच्या वस्तीपर्यंतचे पाइप. म्हणजे ताईच्या वस्तीचे. कर्जाची मुदत महिनाअखेरीला संपत होती आणि तोवर न उचललेला पैसा रद्द, असं करारातच होतं. बारा दिवस हातात असताना मी अर्ज पाठवला. चौथ्या दिवशी बँकेचं दोन ओळींचं पत्र आलं. दुसरी सही नमुन्याशी जुळत नाही.

मी पत्राची घडी घालून ते खणात सारलं.

"साहेब, काय म्हणतायत ते?" सहायक बाईंनी विचारलं.

"काही नाही हो, एक कागद कमी पडलाय."

"मी बघू का?"

"तुम्ही तुमचं काम बघा!" केवढ्यांदा खेकसलो त्या बिचारीवर.

अजून आठ दिवस होते. नवा नमुना नोंदवायला चार पुरतात. बाईंची सही नोंदवली असती तर सगळं वेळेत झालं असतं, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. नशिबाला, बँकेला, कोणालाच बोल लावायची सोय नाही. मी काय केलं? घरी दार लावून स्वतःचीच सही गिरवत बसलो. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून अख्खी वही भरली. मग सचिवांनाही तीच कागदाची थाप मारून त्यांची सही पुन्हा घेतली, खाली माझी त्यातल्या त्यात बरी जमलेली केली आणि अर्ज धाडला. शेवटच्या दिवशी परत तेच पत्र. पैसा रद्द झाला. फाइलवर मी शेरा मारला, 'तांत्रिक कारणास्तव', आणि कोणी खोलात गेलं नाही. पाइप टेकडीच्या पायथ्याशी थांबले, तोंडाला गोणपाट बांधून.

पुढे महिनाभर मी ताईकडे फिरकलो नाही. शेवटी तिचाच फोन आला. "जिवंत आहेस का रे? रविवारी ये."

गेलो. दारादारांत रिकामे कॅन टँकरची वाट बघत होते. ताईने टेबलावर एक अर्ज पसरून ठेवला होता, वस्तीला पाणी द्या म्हणून सरकारला करायचा. खाली वस्तीतल्या बायकांच्या सह्या, काही अंगठे.

"सगळ्यात वरची जागा तुझ्यासाठी ठेवलीय. तुझ्या सहीला वजन आहे. कर पटकन."

"ताई, मी सरकारी माणूस, मला कसं..."

"आधी भाऊ आहेस माझा. कर!"

पेन टेकवलं आणि ते कागदावर टकटकायला लागलं. ताईने बघितलं.

"अरे, हात कशाने हलतोय? कधीपासून?" तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. कॅन वाहून वाहून तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते. "एकटाच सोसत बसलास होय रे?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ते सहन होईना.

"ताई, पाणी माझ्यामुळे राहिलं," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. पत्र, वही, बाईंवर खेकसलो ते, सगळं.

तिने माझा हात सोडला. बाहेर ओरडा झाला, "टँकर आला, टँकर!" बायका धावल्या. ताई जागची हलली नाही.

"त्या बाईंना सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"लाज," ती म्हणाली. मग उठून तिने एक कोरा कागद आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "यावर लिही. पाणी का आलं नाही ते. मी बायकांना वाचून दाखवते, मग आपल्या अर्जाला जोडू."

"अगं, नोकरी जाईल. पेन्शन अडकेल. सहा महिनेच तर राहिलेत..."

"लिही."

लिहिलं. सहा ओळींना अर्धा तास लागला. खाली सही केली, आली तशी. मान वर केली तेव्हा टँकर निघून गेला होता, आणि ताईचे दोन्ही कॅन दारात रिकामेच होते.