परत पाठवलेली नळी

"सिस्टर, सुई टोचलीत की भोसकलीत? रक्ताचं सरबत झालंय!"

लॅबच्या दारातली सिस्टर हिरमुसली. "ताई, शीर पहिल्या झटक्यात सापडली. शप्पथ."

"सगळ्यांनाच सापडते पहिल्या झटक्यात."

यंत्रात फिरवल्यावर रक्तावर पिवळसर पाणी दिसायला हवं होतं. ते लालसर होतं. रक्त ओढताना धसमुसळेपणा झाला की पेशी फुटतात, तेव्हा असं होतं. लॅब सांभाळणाऱ्या ताईंनी चिठ्ठीवर 'नमुना खराब' असा शिक्का मारला. बावीस वर्षांच्या नोकरीत हॉस्पिटलने त्यांचं नाव 'परतबाई' पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर होतं आणि मनातून आवडतही होतं. यंत्रांवर त्यांचा भरवसा नव्हता, मग माणसांच्या हातांवर कुठला?

"पेशंट कोण?"

"आठवा महिना. बरगडीखाली दुखतंय, उलट्या होतायत. अ‍ॅसिडिटीचं औषध दिलंय. बीपी पण चढतंय."

"मग नीट काढून आणा."

चाळीस मिनिटांनी नवा नमुना आला. पुन्हा लाल. ताईंचा हात सवयीने शिक्क्याकडे गेला.

"हे तिच्या दुसऱ्या हातातलं आहे. डॉक्टरांनी स्वतः काढलंय," सिस्टर म्हणाली. "आता त्यांनाही सुई धरायला शिकवणार?"

शिक्का हवेतच राहिला. दोन माणसं, दोन शिरा, रंग मात्र एकच.

ताईंनी थेंब काचपट्टीवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. तांबड्या पेशींच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या. प्लेटलेट्स तर शोधाव्या लागत होत्या. यंत्राचे आकडेही तेच सांगत होते. पेशी नळीत नव्हे, त्या बाईच्या अंगात फुटत होत्या.

त्यांनी फोन उचलला. "डॉक्टर, ही अ‍ॅसिडिटी नाही. रक्त आतच फुटतंय. प्लेटलेट्स अडतीस हजार, लिव्हरचे आकडे दहापट. मला हेल्प सिंड्रोम वाटतोय, बाळ लगेच बाहेर काढावं लागेल. तुम्ही ठरवा, पण आत्ता ठरवा."

पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, "पहिला नमुना किती वाजता आला होता?"

"दहा वाजून दहा मिनिटांनी. चांगला होता. मी परत पाठवला."

दुसऱ्या दिवशी सिस्टर त्याच बाईची नळी घेऊन आली.

"कशी आहे?"

"सिझर करावं लागलं. शुद्धीवर आली सकाळी." सिस्टरने नळी टेबलावर ठेवली. "बाळ कुठंय म्हणून विचारतेय. अजून कुणी सांगितलं नाही."

ताईंनी नळी फिरवली. वरचं पाणी स्वच्छ, फिकट पिवळं होतं. तरी त्या ती उजेडात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"खराब आहे का, ताई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "छान काढलंयत."