शेवटून दुसरी

पाण्याचा ग्लास तोंडाला न लावताच तिने खाली ठेवला आणि उत्तर पुरं केलं. जामीनदाराची जबाबदारी नेमकी कुठे संपते, असा मुलाखतीतला प्रश्न होता. टेबलापलीकडचे मोठे वकील पुढे झुकून ऐकत होते. मधूनच मान डोलावत होते. मग त्यांनी कॉलेज विचारलं.

संध्याकाळी भरणाऱ्या त्या कॉलेजचं नाव तिने सांगितलं. वर्गात पहिली आले, हेही घाईने जोडलं.

वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

"हुशार आहेस, यात वाद नाही. पण आमचे अशील आधी कॉलेज बघतात गं. त्यापुढे वाचतच नाहीत."

ती लिफ्टपाशी पोचली तेव्हा ते मागून आले. त्यांची भाची नावाजलेल्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि गटांगळ्या खात होती. तिला शिकवशील का, असं त्यांनी विचारलं.

घरी शिवणयंत्र थांबवून वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. निदान पाय तरी आत पडला, म्हणाले.

भाची मनाने चांगली होती. सारखी ताई ताई करायची, चुकलं की कान पकडायची. तिला शिकवता शिकवता हिचे इतर ठिकाणी अर्ज चालूच होते. पुढेपुढे मुलाखतीत बसल्या बसल्या ती कॉलेजचं नाव आपणहून सांगून टाकू लागली; उगाच कुणाचा वेळ नको.

निकाल लागला त्या दिवशी वकिलांच्या घरी भाचीने दारातच तिला मिठी मारली.

"ताई, पास झाले! वर्गात शेवटून दुसरी. सोमवारपासून मामाच्या ऑफिसात."

"आणि ऑफिसात नंबर नाही विचारला?"

"तो कुणी विचारलाच नाही."

दोघी हसल्या. तिला खरोखरच आनंद झाला होता.

वकील बाहेर आले. भाचीच्या धाकट्या भावाला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. त्यालाही सुरुवातीपासून हिनेच शिकवावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

भाचीचं हसू मावळलं. "मामा, त्यापेक्षा ताईला आपल्या ऑफिसातच..."

वकील चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले. भाचीचे कान लाल झाले.

तिने पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"मला सकाळचं जमेल," ती म्हणाली.